साक्षीदार आणि परीक्षक : युसूफ वडगावच्या वाचकाचे ग्रंथविषयक अभिप्राय

मराठी टीकेत ग्रामीण वाचकाचा उल्लेख येतो तो बहुधा एका ठराविक कामापुरता. ग्रामीण जीवनावरील कथा वा कादंबरी खरी उतरली आहे की नाही, तिच्यातील बोली अस्सल आहे की बनावट, शेतीचे आणि सणावारांचे तपशील बरोबर आहेत की चुकलेले, एवढे त्याला विचारले जाते. उत्तर मिळाले की त्याला निरोप दिला जातो. कृतीची रचना, तिची मर्यादा, तिचे वाङ्मयीन मोल यांविषयीचा निर्णय मग दुसराच कोणी देतो. न्यायालयाच्या भाषेत सांगावयाचे तर या वाचकाच्या वाट्याला साक्षीदाराचा पिंजरा येतो, न्यायासन येत नाही. ही वाटणी टिकण्यासारखी आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रश्न अमूर्त राहू नये यासाठी एका वाचकाची कल्पना करणे सोयीचे होईल. भाषेचे वर्णन करताना भाषाशास्त्रज्ञ एका आदर्श भाषकाची कल्पना करतात. नोम चॉम्स्की यांनी १९६५ साली ती स्पष्ट शब्दांत मांडली. तो भाषक कोणत्याही विशिष्ट समाजाचा, विशिष्ट गावचा नसतो, हे त्या कल्पनेचे सामर्थ्य आहे आणि तीच तिची उणीवही आहे. येथे कल्पिलेला वाचक मात्र एका गावचा आहे. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे त्याचे गाव. तो कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हे. ते वाचनाचे एक स्थान आहे. त्या स्थानावरून निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांतील पाच ग्रंथ लागोपाठ वाचले असता कोणते अभिप्राय संभवतात, आणि त्या अभिप्रायांमागचे निकष कसे बदलत जातात, हे पाहावयाचे आहे.

या स्थानाची भाषिक घडण प्रथम लक्षात घेतली पाहिजे. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि ती वेगळी ओळखता यावीत म्हणून नावाला एखादे पद जोडण्याची रीतही सर्वत्र आहे. वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी ही नावे परिचित आहेत. युसूफ वडगाव या नावात मात्र वडाच्या झाडावरून पडलेल्या देशी ग्रामनामाला अरबी-फारसी परंपरेतील व्यक्तिनाम जोडलेले आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. कित्येक पिढ्या घरची भाषा मराठी आणि कचेरीची उर्दू अशी येथील स्थिती होती. तेव्हा या गावच्या वाचकाला भाषेचे थर पुस्तकातून शिकावे लागत नाहीत. गावाचे नाव उच्चारताना ते त्याच्या जिभेवरच असतात. शिवाय शेजारचे अंबाजोगाई हे मराठी वाङ्मयाच्या आरंभकाळाशी संबंध सांगणारे क्षेत्र आहे. मुकुंदराजांची समाधी तेथे दाखवली जाते. ‘विवेकसिंधु’ची शके १११० ही मिती आणि त्याचे रचनास्थळ या दोहोंविषयी अभ्यासकांत वाद असला, तरी परिसराची स्मृती तो वाद विचारात घेत नाही. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर पंचीकरण लिहिणारे दासोपंतही तेथलेच. हा परिसर वाङ्मयाला पारखा आहे, ही समजूत म्हणूनच पुराव्यावर टिकत नाही.

या वाचकाच्या हाती पहिला ग्रंथ येतो तो रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही १९७१ सालची कादंबरी. बोराडे हे शेजारच्या लातूर जिल्ह्यातील काटगावचे. येथे साक्षीदार म्हणून या वाचकाचा अधिकार निर्विवाद आहे. मराठवाड्याच्या बोलीत चालू क्रिया दाखविण्यासाठी ‘काय करायलास?’, ‘मी जेवायलोय’ अशी रूपे वापरतात. प्रमाण मराठीत ‘करायला’ हे हेतुदर्शक रूप आहे. त्यामुळे पुण्यामुंबईचा वाचक अशा वाक्यापाशी क्षणभर अडखळतो, आणि त्या अडखळण्यालाच पुष्कळदा ‘बोलीची लज्जत’ असे नाव देतो. युसूफ वडगावचा वाचक अडखळत नाही. त्याला तेथे लज्जत जाणवत नाही, फक्त बोलणे ऐकू येते. म्हणजे ज्या गुणासाठी या प्रकारच्या कादंबरीची सर्वाधिक वाखाणणी होते, तो गुण तिच्या सर्वांत जवळच्या वाचकाला दिसतच नाही.

ही उणीव आहे असे वरवर पाहता वाटेल; परंतु तीच त्याला साक्षीदाराच्या भूमिकेतून बाहेर काढते. बोलीचे कौतुक बाजूला सरल्यामुळे त्याचे लक्ष निवेदनाकडे जाते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) एका तरुण शाळामास्तराच्या तोंडून सांगितली जाते. गाव बोलीत बोलते, निवेदक प्रमाण भाषेत. तो गावात बाहेरून आलेला आहे आणि त्याची भाषा ते अंतर प्रामाणिकपणे राखते. ‘पाचोळ्या’त संवाद आणि निवेदन दोन्ही बोलीतच आहेत, कारण कथा सांगते ती शिंप्याच्या घरातील स्त्री. जे तिच्या डोळ्यांसमोर घडते वा कानांवर येते, तेवढेच वाचकाला कळते. घराबाहेरचे वैर, गावातील बळी तो कान पिळी हा व्यवहार, नवऱ्याचा ताठा आणि त्यापायी संसाराची होणारी वाताहत हे सारे उंबऱ्याच्या आतून दिसते. बोली येथे अलंकार म्हणून आलेली नाही. ती निवेदिकेच्या ज्ञानाची सीमा आहे. या वाचकाचा अभिप्राय असा की, कादंबरीचे बळ बोलीच्या अस्सलपणात नसून त्या सीमेत आहे. आणि निवेदिकेच्या दुःखाची पट्टी जेथे फार वेळ एकाच उंचीवर राहते, तेथे तीच सीमा कादंबरीला जाचकही होते. हा साक्षीदाराचा जबाब नव्हे. हे परीक्षण आहे.

दुसरा ग्रंथ लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन. १९८७ साली ते प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. या ग्रंथाच्या नावापाशीच केज तालुक्याच्या वाचकाची गत इतरांहून वेगळी होते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेला ‘उचल’ म्हणतात. तेव्हा ‘उचल’ हा शब्द कानी पडताच येथील माणसाच्या मनात प्रथम येते ते कर्ज, चोरी नव्हे. एकाच धातूपासून निघालेल्या या दोन शब्दांपैकी एक श्रमिकाला बांधून ठेवणारा आहे आणि दुसरा एका संपूर्ण जमातीला गुन्हेगार ठरविणारा. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु शब्द उरला.

या आत्मकथनाविषयी बोलताना आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हा प्रश्न या वाचकाला टाळता येत नाही. भाषा ओळखीची आहे, मुलूख शेजारचा आहे. तथापि ज्या गावगाड्याच्या नजरेविरुद्ध हे कथन उभे आहे, त्या गावगाड्यात त्याचे स्वतःचे घर आहे. नगरातील वाचकाला हे जग अपरिचित म्हणून हादरवते. युसूफ वडगावच्या वाचकाला ते हादरवते ते परिचित असूनही पाहिलेले नव्हते म्हणून. येथे तो साक्षीदार राहत नाही, पक्षकार होतो. आणि पक्षकाराला निवाडा देता येत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. त्यावर त्याचे उत्तर त्याच्या अभिप्रायातच आहे. बालपणाच्या भागात प्रसंगच बोलतात, लेखकाला निष्कर्ष सांगावे लागत नाहीत. उत्तरार्धात कथन कामगारांच्या आणि विमुक्तांच्या चळवळीकडे वळते, तेव्हा त्याची चाल वृत्तान्ताची होते. हा फरक नोंदविताना पहिल्या भागाने आपल्याला अधिक अस्वस्थ केले, हेही तो नोंदवतो. गुणदोष दाखवून त्या अस्वस्थतेतून सुटका करून घेण्याचा मोह त्याला होत नाही. आपला संबंध उघड करून मत देणारा पक्षकार, तो लपवून तटस्थतेचा आव आणणाऱ्या परीक्षकापेक्षा अधिक विश्वसनीय मानला पाहिजे.

तिसरा ग्रंथ कवितेचा आहे. ना. धों. महानोर यांचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ चा. कवी शेतकरी, वाचक शेतीच्या परिसरातला. म्हणजे साक्षीदाराला पुन्हा बोलावणे येणार हे उघड आहे. आणि साक्षीदार म्हणून त्याचा पहिला अभिप्राय प्रतिकूल पडतो. महानोरांचे रान पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या डोंगराजवळचे. बीड हा पर्जन्यछायेतील, वारंवार अवर्षण सोसणारा जिल्हा. या कवितेतील भरून आलेले आभाळ आणि ओली हिरवी राने त्याला फार सुखाची वाटतात. आपल्या रानाचे हे वर्णन नव्हे, असे त्याचे मन म्हणते.

हा अभिप्राय खरा असूनही गैरलागू आहे, आणि तो गैरलागू आहे हे या वाचकाला दुसऱ्या वाचनात कळते ही महत्त्वाची गोष्ट आहे. कविता मोठ्याने वाचली असता ध्यानात येते की तिची बांधणी रानाच्या वर्णनावर उभी नाही. ती लोकगीताच्या लयीवर आणि त्या लयीला मधूनच दिलेल्या मुरडीवर उभी आहे. जात्यावरची ओवी ज्याने घरात ऐकली आहे त्याला लय कोठे जुनी आहे आणि कोठे कवीने ती आपली केली आहे, हे ऐकू येते. म्हणजे त्याचे अनुभवधन येथेही उपयोगी पडते, परंतु ते शेतीचे नव्हे, कानाचे. त्याच्याकडून टीकेने जी साक्ष मागितली असती ती चुकीच्या गोष्टीविषयीची असती. कवितेकडे दुष्काळाचा हिशेब मागणारा वाचक आणि कादंबरीतील बोलीची फक्त शुद्धाशुद्धता तपासणारा टीकाकार यांची चूक एकच आहे. दोघेही कृतीच्या प्रकाराआधी तिच्या विषयाला प्रश्न विचारतात.

येथवरचे ग्रंथ ग्रामीण म्हणता येतील असे होते. चौथा ग्रंथ या वाचकाला सहसा कोणी विचारणार नाही असा आहे : इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ (१९६७, साहित्य अकादेमी पुरस्कार १९६८). भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या आधाराने लिहिलेले हे व्यक्तिचित्रणपर व चिंतनपर लेख. यावर मत देण्याचा अधिकार संस्कृतज्ञाचा, फार तर नगरातील सुशिक्षिताचा, असे गृहीत धरले जाते. परंतु खेड्यातील वाचक महाभारताकडे कोऱ्या मनाने येत नाही. श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ १७१२ साली पुरा झाला. त्याचे चौसष्ट अध्याय मराठी खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचले आणि ऐकले गेले. युसूफ वडगावच्या वाचकाचे महाभारत हे मुळात ओवीतले, चातुर्मासात देवळात ऐकलेले महाभारत आहे.

तेव्हा ‘युगान्त’ वाचताना त्याच्या मनात दोन पाठ समोरासमोर येतात. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो ही कथा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही, हे कळणे त्याला प्रथम खटकते. नंतर त्यालाच एक वाङ्मयीन प्रश्न सुचतो. जे मूळ पाठात नाही ते खोटे म्हणून टाकावयाचे, की मागाहून आलेल्या पिढ्यांनी महाभारत कसे वाचले याचा पुरावा म्हणून ठेवावयाचे? पाठचिकित्सा पहिला भाग ठरवू शकते. दुसऱ्याविषयी तिला काही म्हणावयाचे नसते. कर्वे यांचे बळ त्याला जाणवते ते माणसांना देवत्वाच्या आणि खलत्वाच्या दोन्ही कोंदणांतून सोडविण्यात. खांडववनाच्या दाहाकडे पराक्रमाची कथा म्हणून न पाहता, जमीन मिळविण्यासाठी केलेला संहार म्हणून त्या पाहतात. जमिनीसाठी भावाभावांत कज्जे चालणाऱ्या मुलखातील वाचकाला हे विवेचन समजावून सांगावे लागत नाही.

त्याचा एक आक्षेपही आहे, आणि तो भाषेविषयीचा आहे. मराठीत ‘आहे’, ‘असावे’ आणि ‘असेल’ या तीन रूपांनी निश्चिती, अनुमान आणि शक्यता यांत भेद करता येतो. विदुर हाच धर्मराजाचा जनक असावा, हा तर्क मांडताना लेखिका तो तर्क आहे याची जाण ठेवतात. परंतु गांधारीवरील लेखात त्या कथात्म निवेदनाचा आश्रय घेतात, आणि निवेदनाला ‘असावे’ हे रूप मानवत नाही. तेथे अनुमान घटना होऊन समोर उभे राहते. ते प्रभावी आहे हे हा वाचक मान्य करतो. मात्र ज्या चिकित्सेने ‘पांडवप्रताप’कारांच्या कल्पनाविलासाला बाजूला सारले, तिनेच मागल्या दाराने कल्पनेला आत घ्यावे, ही विसंगती त्याला दिसते. पोथीचे संस्कार असलेल्या वाचकालाच ती चटकन दिसावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पाचवा ग्रंथ रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ ही ऐतिहासिक कादंबरी आणि तिला जोडलेली नरहर कुरुंदकरांची विस्तृत प्रस्तावना. कुरुंदकर (१९३२–१९८२) हे मराठवाड्यातील कुरुंद्याचे, नांदेडला अध्यापन करणारे. इतिहास, सौंदर्यशास्त्र, कादंबरी, मनुस्मृती, हैदराबादचा मुक्तिलढा अशा परस्परांपासून दूर असलेल्या क्षेत्रांतून त्यांनी लेखन केले. एकच वाचक अनेक प्रकारच्या ग्रंथांविषयी बोलू शकतो, याचे या विभागातील ते ठळक उदाहरण. शिवाजी महाराजांच्या काळी बीडचा मुलूख मोगलांच्या अमलाखाली होता. तेव्हा युसूफ वडगावच्या वाचकाला येथे स्थानिक साक्षीचा आधार नाही. तो केवळ मराठी वाचक म्हणून वाचतो.

एकाच बांधणीतील हे दोन लेख परस्परांच्या विरुद्ध दिशांनी ओढतात, हा त्याचा अभिप्राय. कादंबरी नायकाच्या मनात शिरू पाहते आणि प्रत्येक प्रसंगाला भावनेची पूर्तता देते. प्रस्तावना नायकाच्या मृत्यूनंतर काय घडले, तेथे बोट ठेवते : १६८० नंतर औरंगजेबाच्या १७०७ मधील मृत्यूपर्यंत सत्तावीस वर्षे लोक लढत राहिले, आणि हे लढणे हाच त्या राजाच्या कर्तृत्वाचा मोठा पुरावा. म्हणजे नायकाचे मोठेपण प्रस्तावनेत नायकाच्या बाहेर, सामान्य माणसांत शोधले आहे. कादंबरीत ही माणसे येतात ती मुख्यतः निष्ठेच्या प्रसंगांपुरती. प्रस्तावना वाचून कादंबरीकडे वळणाऱ्याला म्हणून काही कमी पडल्यासारखे वाटते, आणि कादंबरी वाचून प्रस्तावनेकडे येणाऱ्याला ती कोरडी वाटते. दोहोंपैकी एकाला खोटे ठरविण्याची घाई हा वाचक करीत नाही. कादंबरीने प्रस्तावनेच्या प्रश्नाला उत्तर द्यावयास हवे होते असेही तो म्हणत नाही. मात्र हा प्रश्न पेलणारी ऐतिहासिक कादंबरी कोणत्या घाटाची असेल, असे तो विचारतो.

पाचही अभिप्राय एकत्र पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. वाचक एक असला तरी निकष एक नाही. कादंबरीत त्याने निवेदनाची सीमा पाहिली, आत्मकथनात स्वतःची बाजू, कवितेत लय, चिंतनात अनुमानाची शिस्त आणि ऐतिहासिक कादंबरीत कारणपरंपरा. प्रत्येक ठिकाणी त्याच्या गावाने त्याला काही दिले. पण जे मिळाले ते टीकेने त्याच्याकडून मागितलेल्या गोष्टीहून वेगळे होते. बोलीच्या परिचयामुळे त्याला बोलीपलीकडचे दिसले, शेतीच्या परिचयाने त्याला प्रथम चकविले, आणि पोथीच्या परिचयाने त्याला पाठचिकित्सेसमोर उभे केले. परिचय म्हणजे अधिकार नव्हे आणि अपरिचय म्हणजे अनधिकार नव्हे. अभिप्रायाची किंमत ठरते ती त्याने आपले कारण सांगितले आहे की नाही, आणि ते कारण त्या वाङ्मयप्रकाराला लागू आहे की नाही, यावरून.

हा वाचक कल्पित आहे, तेव्हा त्याच्या तोंडी टीकाकाराचीच मते घातली आहेत, असा आक्षेप संभवतो; तो काही अंशी मान्य केला पाहिजे. परंतु त्याचे निवारण अधिक चतुर कल्पनेने होणार नाही, प्रत्यक्ष वाचकांकडे जाण्यानेच होईल. १९६७ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते. ग्रंथ किती, वाचक किती याच्या नोंदी राहतात. वाचकाला काय वाटले आणि ते का वाटले, हे नोंदविण्यास त्या नोंदवहीत रकाना नाही. बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी अभ्यासक गावोगाव जातात, भाषकाला शब्द विचारतात, रूपे विचारतात. त्याच भेटीत त्याने अलीकडे काय वाचले, त्यातले काय पटले नाही आणि कोणत्या कारणाने, हे विचारण्यास वेगळा खर्च लागत नाही. पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी विषय शोधणाऱ्यांनी ग्रामीण साहित्यावरील आणखी एका प्रबंधाऐवजी हे काम हाती घ्यावे, आणि प्रश्नावलीत ‘बनगरवाडी’च्या शेजारी ‘युगान्त’चेही नाव घालावे.